बोल कुणाला लावायचा

माझं माहेर कोल्हापुरात, महादेवाच्या एका लहानशा देवळामागच्या दोन खोल्यांत होतं. वडील त्या देवळाचे गुरव. सकाळी गाभारा झाडायचा, पिंडीला पाणी घालायचं, बेल वाहायचा, दिवेलागणीला सांजवात लावायची, हे काम त्यांच्या आज्यापासून चालत आलेलं. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आई देवासाठी वाती वळायची, पत्रावळी लावायची, आणि हात चालू असताना तोंडानं महादेवाशी बोलत राहायची. ते गाणं नव्हतं आणि प्रार्थनाही नव्हती. शेजारणीशी बोलावं तसं असायचं.

"बघ की, आज तेल पातळ आलंय. तेली तुलाबी फसवाय लागला."

"तुझं बरं हाय बाबा. भाईर ऊन मरणाचं, तू आपला गारव्याला बसलायस."

आम्ही दोघी बहिणी हसायला लागलो की ती डोळे वटारायची. "हसताय काय? ऐकतोय त्यो."

आईचा तो आवाज मला आजही हवा असतो. म्हातारपणी माणसाला काय काय आठवतं, पण आवाज आठवत नाही. शब्द आठवतात, आवाज निसटतो. मी पुष्कळदा डोळे मिटून बसते आणि 'ऐकतोय त्यो' हे दोन शब्द मनात म्हणून बघते. ते माझ्याच आवाजात ऐकू येतात.

माझ्या पाठीवर आईची दोन मुलं झाली आणि पाळण्यातच गेली. तेव्हा ती रडली, पण देवाशी बोलणं तिनं सोडलं नाही. त्या काळी असं घरोघरी व्हायचं. मग माझ्याहून नऊ वर्षांनी लहान अशी ही धाकटी झाली आणि जगली. मीच तिला कडेवर वाढवलं. झोप आली की तिला माझ्या कानाची पाळी धरायला लागायची, त्याशिवाय डोळा लागायचा नाही. मी कानात बुगडी घातली की ती ओढून काढायला लावायची. मला ती 'बाय' म्हणायची. आबा पूजा करून बाहेर आले की ती पळत जाऊन त्यांच्या खांद्यावरचं उपरणं ओढून घ्यायची, डोक्यावरून घेऊन नवरीसारखी मिरवायची. उपरणं तिच्यामागं हातभर लोळत यायचं आणि सगळी धूळ गोळा करायचं. आबा एरवी सोवळ्याओवळ्याचे फार कडक, पण तिला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही.

कोल्हापूरचे महाराज गादीवर येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. माझं लग्न होऊन गेलं होतं, आजऱ्याला दिलं होतं, पण शहाणी झाले नव्हते, न्हाण आलं नव्हतं, म्हणून अजून माहेरीच होते. तेरावं वरीस. त्या साली आमच्या गावात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. आधी लांबच्या गावांची नावं ऐकू यायची, मग जवळची, आणि मग एका सकाळी आमच्या गल्लीतल्या धान्याच्या दुकानात उंदीर पडले. उंदीर पडले की मागोमाग माणसं पडतात हे एव्हाना पोरासोरांनाही कळलं होतं. गाव खाली करायचा हुकूम झाला. लोकांनी अंथरुणं, भांडी, कोंबड्या घेऊन बाहेरच्या माळावर जाऊन छपरं घातली. आम्हीही रंकाळ्याच्या पल्याड एका माळावर तट्ट्याची झोपडी घातली.

आबांचं पाऊल देवळातून निघेना. घर सोडलं तरी चालतं, देवाला उपाशी कसं ठेवायचं? त्यांनी चौकीवर जाऊन हातापाया पडून परवानगी आणली. रोज सकाळी एकदा गावात जायचं, पूजा करायची आणि उन्हं वर यायच्या आत परत यायचं. एक अट होती, आणि ती सगळ्यांनाच होती. मेलेला उंदीर कुठंही दिसला तर लगेच चौकीवर कळवायचं. मग ती जागा बंद करून तिथं चुना नि औषध मारायचे आणि कितीतरी दिवस कुणाला आत सोडायचे नाहीत.

आबा रोज जायचे आणि यायचे. रिकाम्या गावातून आपल्याच पावलांचा आवाज ऐकत जावं लागतं म्हणायचे. परत आले की धाकटी माळावरून पळत जायची, उपरणं ओढून घ्यायची. त्यात एखादं केळ नाहीतर खोबऱ्याचा तुकडा बांधलेला असायचा.

खोटं कशाला लिहू, माळावरचा तो महिना माझ्या जन्मातला सुखाचा महिना होता. घराला भिंती नाहीत, शेजार जवळ, रांधायला एकच चूल. मोठी माणसं घाबरलेली असायची म्हणून आम्हाला कुणी रागं भरत नसे. आमच्या शेजारच्या छपरात एक मुसलमान पिंजारी आणि त्याची बायको राहायचे. गावात ते आमच्या मागच्या गल्लीतले, कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचे. पिंजारीण मावशी धाकटीला कापसाची बाहुली करून द्यायची. तिचा हाताशी आलेला मुलगा त्याच माळावर तापानं गेला, आणि त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या झोपडीत ताप शिरला.

धाकटी सकाळी उठली ती डोळे लाल घेऊन. दुपारपर्यंत अंग भट्टीसारखं झालं. मांडीच्या सांध्यात गाठ आली. आईनं ती बोटानं चाचपली आणि माझ्याकडं बघितलं, तेव्हाच मला कळलं. आजाऱ्यांसाठी माळाच्या दुसऱ्या टोकाला वेगळी छपरं होती, तिथं तिला नेलं. आई बरोबर गेली. मला लांब उभं राहायला सांगितलं होतं. मी तीन दिवस एका बाभळीखाली उभी होते. तिथून आईची पाठ तेवढी दिसायची.

आबा त्या तीनही दिवशी सकाळी पूजेला गेले. मला वाटतं, ते गेले नसते तर त्यांना वेड लागलं असतं. तिसऱ्या दिवशी ते देवळात असतानाच ती गेली. ते माळावर परत आले तेव्हा आई छपराच्या बाहेर येऊन बसली होती. रडत नव्हती. आबांनी विचारलं, "कसं हाय?"

आई म्हणाली, "तुम्ही तितं दगडाला पाणी घालत व्हता, तवा हितं पोरीला पाणी मागाय तोंड उघडत नव्हतं."

आबा उभे होते तिथंच खाली बसले. आईनं त्यांच्याकडं पुन्हा बघितलं नाही. मान वर करून आभाळाकडं बघितलं आणि म्हणाली, "तुला चार वर्सांची पोर कमी पडली व्हय रं?"

देवाशी थेट बोललेलं तिचं ते शेवटचं वाक्य. पुढं वीस वर्षं ती त्याच्याविषयी बोलली, पण त्याच्याशी बोलली नाही.

धाकटीला पुरलं त्या दिवसापासून पिंजारीण मावशी रोज आमच्या झोपडीत येऊन बसायची. एका हातात भाकरी असायची, ती आईपुढं ठेवायची आणि गप बसायची. बाकीच्या बायका येऊन समजूत घालायच्या. कुणी म्हणायचं, देवाला चांगलं माणूस आवडतं. कुणी म्हणायचं, गावानं पाप केलं त्याचं फळ हाय. मावशी असलं काही बोलायची नाही. एकदा आईनंच तिला विचारलं, "तुझाबी गेला. तुझा अल्ला तुला काय सांगतोय?"

मावशी म्हणाली, "कायबी न्हाय सांगत. आनि सांगितलं तरी मला काय समजनार, गुरवीण? समजला तर त्यो अल्ला कसला? मग त्यो आपल्या शेजारचाच की."

"शेजारी बरा," आई म्हणाली. "हाक मारली तर ओ तरी देतोय."

 मावशीनं आईचा हात हातात घेतला, आणि दोघी किती तरी वेळ तशाच बसल्या. त्या दोघींमध्ये मला जागा नव्हती. धाकटी गेल्याचं दुःख जणू आईचं एकटीचं आणि मी नुसती बघणारी. माझ्या कानाची पाळी मात्र सारखी जड वाटायची. मी ती चोळत बसायचे.

ताप ओसरला, पुढच्या पावसाच्या आधी लोक गावात परतले. आई घरी आली, पण देवळाची पायरी चढली नाही. वाती वळायची, पत्रावळी लावायची, सगळं पूर्वीसारखं, फक्त मुकाट्यानं. झालेलं काम उंबऱ्याशी ठेवायची आणि मागं फिरायची. देवळात आलेल्या बायकांनी विचारलं तर सरळ सांगायची, "मला त्येचं तोंड बघायचं न्हाय." गुरवाची बायको असं बोलते म्हणून लोक चमकायचे. एकदोघांनी आबांना सुनावलंही. आबा मान खाली घालून म्हणायचे, "तिचं खरं हाय." लोकांना वाटायचं, बिचारा बायकोला सांभाळून घेतोय.

त्या हिवाळ्यात कुणीतरी सांगितलं म्हणून आबांनी आईला नि मला नृसिंहवाडीला नेलं. तिथं दत्ताच्या पायाशी बसलं की बिघडलेलं मन ताळ्यावर येतं म्हणायचे. दोन दिवस बैलगाडीचा प्रवास झाला. आई आली, पण घाटावर नदीकडं तोंड करून बसली, देवळाकडं पाठ. घाटावर एक पुराणिकबुवा पुराण सांगत होते. आबांनी त्यांना आमची हकीगत सांगितली आणि म्हणाले, "महाराज, एवढं हिला समजावा."

बुवा माणूस मऊ होते. आईजवळ येऊन पायरीवर बसले. म्हणाले, "बाई, जीव आपलं मागच्या जन्माचं देणं घेऊन येतो. ते फिटलं की जातो. त्यात देवाचा दोष नाही."

आईनं विचारलं, "तिनं मागल्या जन्मी काय केलंतं?"

"ते आपल्याला कसं कळणार?"

"तिला तरी ठावं व्हतं का?"

"नाही."

"मग ज्येला ठावं न्हाय त्येला सजा कशाची? मी पोरीला फटका मारला तर आदी सांगत व्हते, ह्येच्यासाठी मारतीया म्हणून."

 बुवांनी मग विषय बदलला. तिला वाईट वाटू नये म्हणूनच असावं. ते नदी दाखवून म्हणाले, "पावसाळ्यात हे पाणी चढत चढत पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. लोक लांबून त्या पाण्यात अंघोळ करायला येतात. फार मोठा योग मानतात."

आई म्हणाली, "देवाच्या घरात पाणी शिरलं तर सण. आमच्या घरात शिरलं तर आमी बुडतो."

बुवा उठले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तुझी आई विचारते ते मीही विचारलं होतं, पोरी. माझा मुलगा गेला तेव्हा. उत्तर मलाही सापडलं नाही, पण लोकांना काहीतरी सांगावं लागतं." हे त्यांनी आईला का सांगितलं नाही, मला कळलं नाही. आईला ते ऐकून थोडं बरं वाटलं असतं. मीही तिला ते कितीतरी वर्षं सांगितलं नाही. मला वाटायचं, मोठ्या माणसानं विश्वासानं दिलेली गोष्ट आहे, ती ठेवावी.

पुढल्या वर्षी मी आजऱ्याला नांदायला गेले. सासरही गुरवाचंच. थोडी भाताची शेती, वर डोंगर, आणि पाऊस असा की चार महिने वाळत घातलेलं लुगडं वाळायचं नाही. नवरा शांत स्वभावाचा. त्यानंच मला अक्षरओळख करून दिली, म्हणून आज हे लिहिते आहे. सासरी मला काही कमी नव्हतं. तरी संध्याकाळी मी घाटाच्या वाटेकडं बघत बसायचे. मला कोल्हापूर आठवत नसे, आबा-आईही नव्हे. ते दोघं होते, वर्षातून एकदा भेटायचे. मला जे हवं होतं ते गावात कुठंच उरलं नव्हतं. मागच्या दोन खोल्या, आईची बडबड, धाकटीच्या मागं लोळणारं उपरणं. माहेरी जायचे तेव्हा मी त्याच घरात बसून त्या घराची वाट बघायचे.

देवळात उभी राहिले की मीही विचारायचे. का? माझ्या सासरच्या देवाला विचारायचे, त्याचा काही संबंध नसताना. उत्तराची अपेक्षा हळूहळू गेली, पण विचारायची सवय राहिली.

दहा-बारा वर्षं गेली. मला तीन मुलं झाली. एकदा उन्हाळ्यात माहेरी गेले असताना आबा मला म्हणाले, "बेल काढाय येतीस का माझ्यासंगं?" त्यांचा हात आता वर पोचत नसे. गावाबाहेरच्या बेलाखाली मी फांदी वाकवून धरली होती आणि ते पानं खुडत होते. खुडता खुडता म्हणाले, "टोचायला डॉक्टर येत्यात ना, त्यातल्या एकानं सांगितलं, गाठीचा ताप उंदरावरच्या पिसवांनी येतोय. उंदीर मेला की पिसवा त्येच्या अंगावरनं निघत्यात आनि कापडात शिरत्यात."

मी म्हटलं, "व्हय, आमच्याकडंबी सांगत्यात."

आबांनी हातातली पानं धोतराच्या ओच्यात टाकली आणि बेलाच्या बुंध्याशी बसले. मग जे सांगितलं ते असं. माळावर असताना एक दिवस सकाळी त्यांनी गाभाऱ्याचं दार उघडलं तर पिंडीच्या मागं मेलेला उंदीर होता. चौकीवर कळवलं असतं तर देऊळ बंद झालं असतं. बापजाद्यांपासून एक दिवसही पूजा चुकली नव्हती, ती आपल्या हातून चुकली असती. त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यात तो उंदीर गुंडाळून उचलला, मागच्या पडक्या आडात टाकला, उपरणं झटकलं, अंघोळ केली, गाभारा धुतला आणि पूजा केली. माळावर परत आले तर धाकटी पळत आली.

"मी नको म्हणाय तोंड उघडलंतं," आबा म्हणाले. "तवर तिनं वडून घेतलं. डोक्यावरनं घेतलं. मला वाटलं, झटकलंय की. आनि खरं सांगू, नको का म्हणतोय आसं तुझ्या आईनं इचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, म्हणून गप बसलो."

मी फांदी सोडली नव्हती. हात भरून आला होता, पण सोडवत नव्हतं.

"तुझी आई देवाला बोल लावती," ते म्हणाले. "रोज लावती. चारचौघांत लावती. त्यो बोल माझा हाय, पोरी. मी रोज सकाळी त्येच्यापुढं बसतोय आनि म्हणतोय, सांग तिला, कुणाचा हाय ते सांग. त्यो सांगत न्हाय. माझा बोल त्येनं आपल्या अंगावर घेतलाय. एक तप झालं. आसल्या देवाला काय म्हणायचं? मला कळत न्हाय. मी त्येची पूजा केली म्हणून पोर मेली, आनि मी पोर मारली तरी त्यो मला पूजा करू देतोय."

"आईला सांगा की," मी म्हटलं.

"सांगितलं तर ती मला सोडून जाईल. तिला जायला जागाबी न्हाय." मग म्हणाले, "आनि आता देवाला न्हाय तर मला बोल लावायचा, एवढाच फरक. पोर कुठं येतीया?"

मला आबांचा राग आला का? आला. परतीच्या वाटेवर त्यांच्या चार पावलं पुढं चालत होते. मला वाटत होतं, एक शब्द, चौकीवर जाऊन एक शब्द सांगितला असता तर. आणि पुढच्याच क्षणाला वाटायचं, हा माणूस कुणाचं वाईट करायला गेला नव्हता. देवाचं करायला गेला होता. ज्यांना आम्ही वाईट म्हणतो, चोर, दरोडेखोर, त्यांच्या हातून आमच्या घरावर काही आलं नाही. आमच्या घरावर आलं ते देवभोळ्या, सज्जन माणसाच्या हातून. हे कोड्यातलं कोडं मला आजवर सुटलेलं नाही. देवळाच्या दाराशी पोचलो तेव्हा मी थांबले, त्यांच्या ओच्यातली पानं माझ्या पदरात घेतली आणि आत नेऊन ठेवली.  त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

मी आईला सांगितलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी आबा दम्यानं गेले. देवळाची पूजा चुलतभावाकडं गेली. मी महिनाभर आईजवळ राहिले. एक दिवस दुपारी आम्ही दोघी वाती वळत बसलो होतो. पूजा दुसऱ्याकडं गेली तरी वाती आईच्याच. चुलतभावाची बायको येऊन काहीतरी बोलून गेली, देवाला नावं ठेवू नये काकी, आता तरी एकदा आत या, असं. ती गेल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, तुला एक सांगायचं हाय. धाकटीचं. देवाचा दोष नव्हता त्यात."

आई वात वळत राहिली. म्हणाली, "उपरण्याचं म्हणतीस?"

माझ्या हातातला कापूस खाली पडला.

"तुला आबांनी सांगितलं?"

"त्यो कशाला सांगतोय." तिनं वळलेली वात तबकात ठेवली. "पोरीला ताप चढायच्या आदी, एक दिस त्येनं सांजचं वढ्यावर जाऊन आपलं उपरणं आपण धुतलं. लगीन झाल्यापास्नं कवा धुतलं नव्हतं. बाप्या आपलं कापड आपण धुवाय लागला की बाईनं समजावं, काय तरी झालंय. मग गावात परत आल्यावर मागल्या आडाचा वास सुटलेला. कुणी बगाय गेलं न्हाय, मी गेलते. पानी आटलंतं. खाली उंदीर दिसला, तवा उपरण्याचं कळलं."

"मग तू एवढी वर्सं..."

"मग काय करू? नवऱ्याला बोल लावला असता तर त्येनं आडात उडी घातली असती. त्येचा जीव केवढा, तुला ठावं न्हाय? मी माझ्या तोंडानं एकदा म्हणाले असते, तुम्ही मारलंसा पोरीला, तर दुसऱ्या दिवशी दोन मढी. बोल तर कुणाला तरी लावायचाच व्हता. त्याबिगर मला श्वास घेता येत नव्हता. देवाला लावला. त्यो कुठं जातोय? त्यो काय आडात उडी घालतोय?"

बाहेर कुणीतरी घंटा वाजवली. आई ऐकत राहिली. मी विचारलं, "म्हंजे देवावर तुझा राग नव्हता?"

"नव्हता कसा? हाय की. उंदीर कुणी मारला? ताप कुणी धाडला? ह्येला पूजेचं येड कुणी लावलं? राग हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पर आता वाटतंय, वीस वर्सं मी शिव्या दिल्या, त्यो एकदा बी उलटून बोलला न्हाय. कळला न्हाय मला त्यो. तुझ्या बापालाबी कळला न्हाय. कुणाला कळत असंल तर त्येनं येऊन मला सांगावं."

मी तिला तेव्हा वाडीच्या बुवांचं सांगितलं, त्यांचा मुलगा गेल्याचं, त्यांनाही उत्तर सापडलं नाही ते. आईनं तबक बाजूला सारलं. मग म्हणाली, "तवाच सांगायचं व्हतंस की गं. मी त्येला लई टाकून बोलले."

आबांना माहीत नव्हतं की तिला माहीत होतं. तिला वाटत होतं की आपण त्यांना वाचवतो आहोत. ते समजत होते की देव आपल्याला वाचवतो आहे. दोघं एका चुलीवर जेवत होते आणि वीस वर्षं एकमेकांना सांगू शकले नाहीत. देवाविषयी मी पुष्कळ विचार केला, पण त्या दोघांविषयी जेवढा केला तेवढा नाही. एकदा तरी त्यांनी बोलायला हवं होतं, हे मनातून जात नाही. आबा तसेच गेले.

त्या दिवसानंतर आई आणि मी धाकटीविषयी बोलू लागलो. इतक्या वर्षांत बोललो नव्हतो. आईला माझ्या कितीतरी गोष्टी माहीत नव्हत्या आणि मला तिच्या. तिनं सांगितलं की धाकटी चोरून भिंतीची माती खायची आणि पकडली की तोंड घट्ट मिटून हसायची. मी सांगितलं की तिला घंटा वाजवायची असायची आणि मी तिला उचलता उचलता दोघी पडलो होतो. आई पोट धरून हसली आणि मग पदर तोंडाला लावला.

देवळात मात्र ती गेली नाही. मी आग्रह केला नाही. पुढं तीन वर्षांनी आई वारली, कोल्हापूरचे महाराज जाऊन थोडेच महिने झाले होते. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. चुलतभावाच्या बायकोनं सांगितलं, शेवटचे काही दिवस काकी पडल्या पडल्या काहीतरी पुटपुटायच्या. मी विचारलं, काय म्हणायची? ती म्हणाली, "नीट ऐकू यायचं न्हाय. कुणाला तरी रागं भरल्यागत वाटायचं. मधीच हसायच्या."

कुणाशी बोलत असेल ती? देवाशी, आबांशी की धाकटीशी? मी तिथं असते तर मला कळलं असतं. आजरा लांब, पाऊस, गाडीवाटा बुडालेल्या, दोन दिवस उशीर झाला. त्या दोन दिवसांसाठी मी अजून झुरते.